पितळेची कडी

दिगूभाऊ हेडाऊंच्या दुकानात पंखा नव्हता. नागपूरच्या मे महिन्यात, सीताबर्डीवरच्या पत्र्याच्या दुकानात माणूस पंख्यावाचून बसतो हे परगावच्या गिऱ्हाइकाला खरं वाटत नसे. दिगूभाऊंचं म्हणणं असं, की मनगटी घड्याळातला स्क्रू खसखशीच्या दाण्याएवढा. तो वाऱ्यानं उडाला तर दुकान झाडून केर चाळणीनं चाळावा लागतो. एकदा चाळलाही होता. तेव्हापासून दाराला वाळ्याचा पडदा, खांद्यावर ओला पंचा, आणि घाम भिंगावर ओघळू नये म्हणून कपाळाला कापडाची पट्टी.

माझं पेनांचं दुकान त्यांना लागून. मधे फळ्यांची भिंत, तिची एक फळी निघालेली. त्या फटीतून आमचा चहा, वर्तमानपत्र आणि बोलणं इकडून तिकडे जायचं. मी पासष्ट सालाच्या सुमारास दुकानात बसायला लागलो. पुढची वीसेक वर्षं मी त्यांना बहुतेक त्या फटीतूनच पाहिलं.

त्यांना किती वाजले ते विचारायची सोय नव्हती. भिंतीवर, काउंटरवर, ड्रॉवरमध्ये घड्याळंच घड्याळं, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. कुणी विचारलंच तर ते माझ्याकडे बोट दाखवत. घड्याळाचं झाकण उघडताना श्वास रोखून धरायचे. त्या वेळी तुम्ही काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. मग तुम्ही ते विसरून गेलात, की फटीतून आवाज यायचा, "हो, पोरीचं लगन ठरलं." प्रश्न कोणता होता हे आपल्यालाच आठवावं लागे.

दुरुस्ती करणारे नागपुरात पुष्कळ होते. दिगूभाऊंचं नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीनं. जुनं घड्याळ हातात दिलं की त्यात मूळचं काय आणि मागून बदललेलं काय, हे ते सांगत. मूळच्या भागाला ते 'घरचा' म्हणत, बदललेल्याला 'पाहुणा'. डायल पुन्हा रंगवलेली असली तर आकड्यांची पोटं जरा सुजतात, मिनिटाच्या रेघा सरकतात. काट्यांवरचा अंधारात चमकणारा लेप वर्षांनी तपकिरी पडतो; एक काटा तपकिरी आणि दुसरा हिरवट दिसला तर दोघांचा जन्म एका घरचा नाही. चावीवर कंपनीची खूण आहे का, स्क्रूच्या खाचा किती खरवडल्यात, केसच्या आतल्या अंगाला आधीच्या कारागिरांनी सुईनं काय कोरून ठेवलंय. हे सगळं ते मोठ्यानं बोलत बघायचे. दुकानापुढे चार माणसं थांबायची. मीही माझं गिऱ्हाईक सोडून फटीला डोळा लावायचो.

एकदा कामठीचा एक नवा जावई सासऱ्यानं लग्नात दिलेलं स्विस घड्याळ घेऊन आला. दिगूभाऊंनी उघडलं, पाहिलं, आणि रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल असं सांगितलं, "मशीन घरची. डायल पाहुणी, चावी पाहुणी, काचही पाहुणी." जावई तसाच तणतणत गेला. दोन-तीन दिवसांनी सासरा आला, बिचारा शाळेतला चपराशी. त्यानं ते घड्याळ कुणाकडून तरी जुनं म्हणूनच घेतलं होतं, लपवलंही नव्हतं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, की तुम्ही हे पोराला हळू आवाजात सांगितलं असतं तरी चाललं असतं. दिगूभाऊ मान वर न करता बोलले, "मले जे दिसलं ते सांगतलं. पुढचं माझं काम नाई."

हे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे, आणि आम्हाला ते आवडायचं. खरं बोलणारा माणूस म्हणून त्यांचा दरारा होता.

आता गुलाबबद्दल सांगितलं पाहिजे. गुलाब मेश्राम आणि दिगूभाऊ मोमीनपुऱ्यात एका म्हाताऱ्या उस्तादांपाशी बरोबरीनं शिकलेले. दिगूभाऊंना वडिलांनी विणकरीतून साठवून दुकान टाकून दिलं. गुलाबच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. वडील गिरणीत, घरात खाणारी तोंडं फार. त्यानं शहराच्या महाल भागात एका जिन्याखाली टेबल मांडलं. काचेची पेटी, वर रंगीत छत्री, झालं दुकान. बोलायला गुलाब अगदी कमी. पण हात असा, की उस्ताद आजारी पडले तेव्हा आपल्या गिऱ्हाइकांना त्यांनी महालात पाठवलं, सीताबर्डीला नाही. हे मला दिगूभाऊंनीच एकदा सांगितलं होतं, हसत हसत. ते हसणं मला तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कुहीचे पुंडलिकराव म्हणून एक धानाचे मोठे शेतकरी होते. धिप्पाड, बोलायला मोकळे. त्यांच्या वडिलांना जंगलखात्यातल्या एका साहेबानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक घड्याळ भेट दिलं होतं. वडील गेले, घड्याळ यांच्याकडे आलं, पुढे बंद पडलं. त्यांनी ते महालात गुलाबकडून साफ करून घेतलं. चांगलं चालायला लागलं. मग एका लग्नात कुणी तरी म्हणालं, असली जुनी घड्याळं साफ करायला दिली की आतली भारी मशीन काढून हलकी बसवतात. पुंडलिकराव तडक दिगूभाऊंकडे आले. सोबत दोघं-तिघं गावची माणसं.

शनिवार होता, बर्डीवर गर्दी. दिगूभाऊंनी घड्याळ उघडलं आणि त्यांचे डोळे चमकले. मशीन केसपेक्षा जरा लहान होती. मधली फट भरायला तिच्याभोवती पितळेची एक बारीक कडी घातलेली. अशी कडी बहुधा तेव्हाच घालतात, जेव्हा मूळची मोठी मशीन काढून दुसरी लहान बसवायची असते. डायलवरचे आकडेही जाड होते.

"मशीन पाहुणी," ते म्हणाले. "डायल पाहुणी. केस तेवढी तुमच्या बाबाची."

पुंडलिकरावांनी विचारलं, हे कुणी केलं असेल. दिगूभाऊ थांबले नाहीत. "शेवटी खोललं कोणं?" त्यांनी उलट विचारलं.

एवढंच. चोर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, हे मी साक्षीला उभा राहून सांगेन. तो शब्द पुंडलिकरावांनी महालात, जिन्याखालच्या टेबलापुढे, भर बाजारात उच्चारला. पेटी लाथेनं उलटी केली. गुलाबनं सांगायचा प्रयत्न केला की मशीन होती तीच आहे, मी फक्त तेल दिलं. कुणी ऐकलं नाही. सीताबर्डीच्या स्वतःच्या दुकानात बसलेल्या हेडाऊंनी सांगितलंय म्हटल्यावर जिन्याखालच्या मेश्रामचं कोण ऐकणार? पोलिसांनी दोन दिवस चौकीत बसवून सोडून दिलं, कारण सिद्ध काही होत नव्हतं. पण घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला चोर म्हटल्यावर त्याच्याकडे घड्याळ कोण देतं? दिवाळीपर्यंत ते टेबल उठलं. गुलाब बायकोपोरांना घेऊन कळमेश्वरला गेला आणि तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत पत्रे कापायच्या मशीनवर लागला.

कुणी विषय काढला तर दिगूभाऊ त्यांचं नेहमीचं वाक्य बोलत आणि भिंग डोळ्याला लावत. माझी समजूत, त्यांना वाईट वाटत होतं, पण ते गुलाबबद्दल. आपल्या डोळ्यांबद्दल त्यांना शंका नव्हती.

मधे दीड-दोन वर्षं गेली असतील. धरमपेठेतल्या एक बाई आल्या. जंगलखात्यातल्या अधिकाऱ्याची विधवा. रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ त्यांनी काउंटरवर ठेवलं. त्यांच्या यजमानांनी आणि खात्यातल्या आणखी काही जणांनी लढाईच्या काळात एकाच फिरत्या विक्रेत्याकडून तशी घड्याळं घेतली होती. यजमान त्याच साली तापानं गेले. घड्याळ तेव्हापासून ट्रंकेत. आता नातवाला द्यायचं होतं, म्हणून चालू करून पाहिजे होतं.

फटीतून मला दिगूभाऊंची पाठ दिसत होती. झाकणाच्या कडेला ओरखडा नव्हता, ते चटकन निघेना. उघडलं, आणि ते श्वास रोखून बसले. बाई काही तरी विचारत होत्या. मी वाट पाहिली की आता उत्तर देतील, मग देतील. त्यांनी उत्तर दिलंच नाही. बाई कंटाळून उद्या येते म्हणून गेल्या.

मी पलीकडे गेलो. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मला काही कळणार नव्हतं, पण कडी मात्र मला दिसली. पितळेची, बारीक, मशीनभोवती बसवलेली. आत एकाही कारागिराची खूण नव्हती. एकाही स्क्रूची खाच खरवडलेली नव्हती. त्या घड्याळात त्याच्या जन्मापासून कुणाचा हात गेला नव्हता, आणि कडी होती. आकडेही तसेच, जाड.

लढाईच्या दिवसांत माल धड येत नसे, हे त्यांनी मला नंतर समजावलं. केस एकीकडून, मशीन दुसरीकडून, डायल इथंच रंगवलेली. मिळेल ते इथल्या व्यापाऱ्यांनी कडी घालून जोडलं आणि विकलं. कुहीचं घड्याळही त्याच लॉटमधलं. ती मशीन घरचीच होती.

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. रविवारी मला म्हणाले, चाल गा, कळमेश्वरले जाऊन येऊ. एकट्यानं जायचं त्यांना जमणार नव्हतं, हे मला उघड दिसत होतं.

गुलाबची खोली वसाहतीच्या मागे, विटांच्या चाळीत. त्यानं आम्हाला खाटेवर बसवलं, स्वतः उंबऱ्यावर बसला. त्याची बायको सुमन आत चुलीपाशी होती. दिगूभाऊंनी सगळं सांगितलं. बाईंचं घड्याळ, न उघडलेलं झाकण, कडी. गुलाब ऐकत राहिला, जसं काही ही दुसऱ्याच कुणाची हकीकत आहे.

"मले माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "म्याच खोललं होतं ना ते. कडीवर वर्षांचा मळ होता. नवी घातली असती तर मळ कुठून आला असता?"

दिगूभाऊंना मळ दिसला नव्हता. किंवा दिसला होता आणि त्यांनी पाहिला नव्हता.

"तू मले इचारायले काहून नाई आला, दिगू?" गुलाब म्हणाला. आवाज चढवला नाही. "बर्डीहून महाल काय दूर होतं? एक डाव येऊन इचारलं असतं."

दिगूभाऊंनी खाली पाहत जे सांगितलं ते मला ऐकायला नको होतं. "लोकाईसमोर बोलून राहिलो होतो तवा मले बरं वाटत होतं, गुलाब. तुयं नाव निघालं, त्यानं अजून बरं वाटलं."

आत चुलीपाशी भाकर थापायचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

त्यांनी गुलाबला म्हटलं, माझ्या दुकानात ये, अर्धं टेबल तुझं. गुलाबनं उजवा हात पुढे केला आणि अंगठा-तर्जनी एकमेकांवर घासून दाखवली. पत्र्याच्या मशीनवर दिवसभर हादरे बसून बोटांची टोकं बधिर झाली होती. सुई टोचली तरी कळत नाही, म्हणाला. चिमट्यात स्क्रू आहे की नाही हे बघूनच समजावं लागेल. असा कारागीर असतो का कुठे? हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. सुमननं आम्हाला चहा दिला नाही, आणि गुलाबनंही तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात दिगूभाऊ कुहीला गेले. पुंडलिकरावांनी आदरानं बसवलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, झालं गेलं, आता काहून उकरता. महालात येऊन चार लोकांत सांगा म्हटलं तर त्यांना शेतीची कामं होती. मग दिगूभाऊ एकटेच महालात गेले. जिन्याभोवतालच्या प्रत्येक दुकानात, पानवाल्याकडे, कल्हईवाल्याकडे, चौकीतल्या हवालदाराकडेसुद्धा. मी चुकलो, गुलाब चोर नव्हता. काहींना गुलाब आठवेना. एक जण हसून म्हणाला, म्हणजे तुमचंही चुकते तर. ही बातमी मात्र पटकन पसरली. दुकानापुढे थांबणारी माणसं कमी झाली.

त्यानंतरचे दिगूभाऊ मला जास्त वर्षं लाभले, पण लोकांना आठवतात ते आधीचे. 'घरचा' आणि 'पाहुणा' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. कुणी जुनं घड्याळ पुढे करून अस्सल आहे का विचारलं तर आधी विचारत, हे याआधी कोणाकडे दिलं होतं? आणि तो कारागीर हयात असला, शहरात असला, तर दुपारी दुकानाला कडी लावून त्याला भेटायला चालत जात. इतवारी, सदर, गांधीबाग, ऊन असो की काही असो. बॅटरीवरची घड्याळं आल्यावर लोक आजोबांची घड्याळं मोडीत काढायला लागले. मुंबईचा एक व्यापारी ती गोळा करत हिंडत होता. त्याला रोज संध्याकाळी बसून पारख करणारा माणूस हवा होता. दिगूभाऊंनी त्याला सांगितलं, मी फक्त दुरुस्ती करतो. तो गेल्यावर मी म्हटलं, तुमच्याइतकं हे कुणाला कळतं? ते म्हणाले, "कळते गा. त्याचंच भेव वाटते."

महिन्या-दोन महिन्यांतून ते कळमेश्वरला जात. गुलाब त्यांना बसू देई. दोघं दारात बसून रस्त्याकडे बघायचे, असं ते सांगत. सुमनबाईंनी पुढे कधी तरी चहा द्यायला सुरुवात केली, पण त्या दिगूभाऊंशी बोलत नसत.

ऐंशीनंतर काही वर्षांनी गुलाब गेला. झोपेत गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो. चाळीपुढे मांडव घातला होता. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या, शेजारी गुलाबचा फोटो. वंदना झाली. मग एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. कारखान्यातला सोबती, शेजारी, नवे व्याही. गुलाबच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. सगळे म्हणत होते, साधा माणूस, सरळ माणूस.

दिगूभाऊ माझ्या बाजूला बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. वाक्यं जुळवत असावेत. घोषणा करणाऱ्यानं विचारलं, आणखी कोणाला बोलायचं आहे का, आणि ते उठले. मला कळलं ते काय बोलणार. अख्ख्या महालाला त्यांनी हे सांगितलं होतं, पण इतक्या वर्षांत गुलाबच्या माणसांपुढे सांगायचं राहिलं होतं.

सुमनबाई पुढच्या ओळीतून उठल्या. पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरत, वाकून, लोकांमधून वाट काढत त्या आमच्यापर्यंत आल्या. अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "बसा भाऊ. इथी त्याईले कोणी कधी चोर म्हटलं नाई. तुम्ही म्हणू नका."

दिगूभाऊ उभेच होते. लोक त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी तसबिरीकडे बघून हात जोडले, आणि खाली बसले.

नंतर जेवणाची पंगत होती. त्यांना निघायचं होतं, पण सुमनबाई पुन्हा आल्या आणि जेवून जा म्हणाल्या. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. आम्ही ओळीच्या शेवटी बसलो. दिगूभाऊंनी पानात काही उरू दिलं नाही.

मला दुकानाच्या कामानं लवकरची एस.टी. गाठायची होती. ते म्हणाले, तू जा, मी मागून येतो. त्यानंतर पंधरवड्याच्या आत हृदयाचा झटका येऊन ते गेले, आणि मी तेव्हा मुलीकडे अमरावतीला होतो, म्हणून माझ्यापुरतं शेवटचं बघणं हेच. मांडवातून बाहेर पडताना मी वळून पाहिलं. पंगत उठली होती. दिगूभाऊंनी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या आणि ते वाकून लोकांच्या उष्ट्या पत्रावळी गोळा करत होते. गुलाबचा जावई धावत आला, त्यांच्या हातातून पत्रावळी घ्यायला लागला, तुम्ही राहू द्या बाबा म्हणाला. त्यांनी दिल्या नाहीत. जावयानं सासूकडे पाहिलं. सुमनबाई चुलीजवळ उभ्या होत्या. त्यांनी जावयाला हातानंच बाजूला हो म्हणून खुणावलं आणि दिगूभाऊंना ते काम करू दिलं.